दार लागतंय का?

बाईंचा जमिनीवर विश्वास नव्हता. माणसांवरही नव्हता म्हणा, पण तशी मंडळी आमच्या सोलापुरात गल्लोगल्ली सापडतात. जमिनीवर विश्वास नसलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि नेमकी त्याच माणसाच्या घरात भाड्याने राहिले.

हे सिंगापूरला, क्लेमेंटीत. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. एका बँकेच्या आयटीत नवी नोकरी, हातात नवाकोरा एम्प्लॉयमेंट पास, आणि डोक्यावर छप्पर म्हणून कलीगच्या हॉलमधला सोफा. कुणीतरी म्हणालं, "एक मराठी बाई आहेत, एकट्याच असतात, फ्लॅटमधली एक खोली देतात." मग आवाज खाली आणून म्हणालं, "पण जरा जपून हं." काय जपून ते विचारलं, तर "जाऊन बघ" एवढंच उत्तर मिळालं. आमच्या घरात दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांकडे तिरप्या नजरेने बघायची रीत आहे. त्यामुळे मी पुरेशी सावध होऊनच गेले.

बाईंनी दार उघडलं. साठीच्या आसपास, उंच, हडकुळ्या, केस पुरुषी कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, तेही घरात. नाव-गाव, पगार, जात, मांसाहार, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"सोलापूरच्या घराला तडे आहेत का?"

मला वाटलं आमची ऐपत काढताहेत. म्हटलं, "स्वयंपाकघरात आहे एक."

"आडवा की तिरका?"

"तिरका."

"खोली तुझी," बाई म्हणाल्या. "आधीची मुलगी म्हणाली, आमच्या घराला एकही तडा नाही. तिला परत पाठवली. तडा नसलेलं घर मी अजून बघितलं नाही."

मी विचारलं, "तुम्हाला काकू म्हणू?" त्यांनी मागे वळून घरभर पाहिलं आणि म्हणाल्या, "का? काका कुठे दिसले तुला?" तेव्हापासून शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात तसं मी त्यांना 'बाई'च म्हणत आले.

सकाळी उठून बाई देवाला हात जोडत नसत. एका हातात चहाचा कप घेऊन दुसऱ्या हाताने पॅसेजमधल्या एका ठरावीक फरशीवर काचेची गोटी ठेवत आणि ती कुठे जाते ते बघत बसत. गोटी रोज स्वयंपाकघराच्या दिशेने घरंगळे आणि उंबऱ्याला आपटून थांबे. एकदा खालच्या मजल्यावरची चिनी आंटी तक्रार घेऊन वर आली. "एव्हरी मॉर्निंग टॉक-टॉक-टॉक, व्हॉट यू डूइंग लाह?" बाईंनी तिला आत बसवून चहा दिला आणि तिच्या बेडरूमचं दार नीट लागतं का ते विचारलं. "कॅन क्लोज," आंटी म्हणाली, "बट मस्ट पुश." बाईंचे डोळे चमकले. त्यानंतर बाई तिची इतकी चौकशी करू लागल्या, की तिने पुन्हा म्हणून तक्रार केली नाही.

दाराचा हा प्रश्न मलाही रोज असे. "गुड मॉर्निंग" नाही, "झोप झाली का" नाही. "दार लागतंय का तुझं?" पहिले काही महिने मला याचा भलताच अर्थ लागला. म्हटलं, ह्या बाईला माझ्या दाराशी काय करायचंय? लागत नसलं तर हिची सोय होणार आहे की काय? मी बॅगेच्या दोन्ही चेन एकत्र घेऊन त्यांना एक बारीक पांढरा दोरा बांधायला सुरुवात केली, कुणी उघडली तर कळावं म्हणून. एका रविवारी बाई पोहे खाता खाता म्हणाल्या, "दोरा काळा बांध. पांढरा पटकन दिसतो."

त्यांना राग आलेला नव्हता. उलट त्या दिवसापासून मी त्यांना जरा आवडू लागले असं मला वाटतं.

संशय हा बाईंचा पोटापाण्याचा धंदाही होता. त्या मातीच्या इंजिनिअर. इमारत उभी राहण्याआधी खालची जमीन तिचा भार पेलेल की नाही, हे सांगणं हे त्यांचं काम. तुआसला समुद्रात भर घालून तयार केलेल्या जमिनीवर तेलाच्या टाक्या उभ्या होत्या, त्या खचताहेत का ते बघायला त्या आठवड्यातून दोनदा जात. "तिथे सगळे आशावादी आहेत," त्या म्हणत, "एकाने तरी संशय घ्यावा म्हणून मला ठेवलंय." टेकडी, पूल, शॉपिंग मॉल, बाई कुठेही गेल्या की आधी टाच आपटून बघत. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर लोक आमच्याकडे बघत आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालून त्यांच्या ओळखीची नसल्यासारखी उभी राही.

पण मला खरा संशय होता तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे फ्रीज. वरच्या फ्रीजरच्या दाराला बाईंनी कडी बसवून घेतली होती आणि तिला कुलूप होतं. आइस्क्रीमला कुलूप लावणारी बाई कंजूष म्हणावी, तर इतर बाबतीत त्या कंजूष नव्हत्या. मग आत काय होतं? दुसरी गोष्ट म्हणजे रविवारचा फोन. दर रविवारी सकाळी नऊ वाजता बाई कॉलिंग कार्ड घेऊन आपल्या खोलीत जात, दार लावून घेत आणि परदेशी फोन लावत. मी अर्थातच ऐकत असे. पण ऐकू काय येई? "लाव. पुन्हा लाव. जरा जोरात." इंग्रजीत एवढंच, मग शांतता, मग "थँक यू," आणि बाई बाहेर येऊन दुप्पट भूक लागल्यासारख्या खायला बसत. आमच्या मराठी मंडळींत कुणी म्हणे, ह्यांना कॅनडातून हाकलून दिलंय. कुणी म्हणे, कसलं तरी प्रकरण झालं होतं. कसलं ते नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येक जण खात्रीने सांगत असे.

फ्रीजरचं कोडं समुद्रकाठच्या मरीन परेड वस्तीत सुटलं. आमच्या ओळखीच्या एका बँकरने तिथल्या कॉन्डोत नवा फ्लॅट घेतला होता आणि वास्तुशांत घातली होती. बाईंना बोलावणं होतं ते नाइलाजाचं, कारण मी त्यांच्याकडे राहत होते. बाई आल्या त्या हातात थर्मासचा डबा घेऊन. सगळ्यांना वाटलं, श्रीखंड असेल.

गुरुजी वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेयेच्या कोपऱ्यात ठेवत होते, तोपर्यंत बाई गप्प होत्या. मग त्यांनी यजमानांना विचारलं, "ह्या जागी पूर्वी समुद्र होता, हे वास्तुपुरुषाला सांगितलंय ना?"

यजमान हसले. "मावशी, गव्हर्नमेंटने भर घातलीय. इट इज टोटली सेफ."

"सेफ आहेच," बाई म्हणाल्या. "रोज कुणीतरी लक्ष ठेवून असतं म्हणून सेफ आहे. जमिनीवर भरवसा टाकायचा नसतो, पाळत ठेवायची असते." आणि त्यांनी डबा उघडून जेवणाच्या टेबलावर, लांब अंथरलेल्या रेशमी पट्टीच्या, म्हणजे रनरच्या मधोमध, एका ताटलीत चिखलाचा गोठलेला ठोकळा ठेवला. आमच्या फ्रीजरमध्ये कुलपाआड होती ती कुंडीतली माती, पाणी घालून गोठवलेली. यजमानांच्या धाकट्या लेकीला बाईंनी त्यावर बोट दाबायला लावलं.

"लाइक रॉक, आंटी," ती म्हणाली.

"दगडापेक्षा भारी. आता ह्याच्यावर तुझं घर बांधू." बाईंनी ठोकळ्यावर चांदीची वाटी उपडी ठेवली. "आता जेवा सगळे."

सगळे जेवले, पण लक्ष कुणाचं पुरीकडे नव्हतं. मसालेभात येईस्तोवर वाटी एका अंगाला कलली. श्रीखंडापर्यंत ती घसरली आणि काळं पाणी ताटलीतून रनरवर उतरलं. बाई शांतपणे समजावून सांगत होत्या. पृथ्वीच्या पार उत्तरेला मैलोन् मैल जमीन अशी गोठलेली आहे, तिच्यात मातीइतकंच बर्फ आहे. हजारो वर्षांचं गवत, मुळं, मेलेली जनावरं, सगळं तिच्यात जसंच्या तसं पडून आहे. हवा तापली की ती वितळते, वितळली की आतलं कुजतं, कुजलं की वायू सुटतो, त्या वायूने हवा आणखी तापते आणि आणखी जमीन वितळते. "इंग्रजीत तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. म्हणजे कायमची गोठलेली. त्या 'कायम'चाच आम्हाला आधी संशय यायला हवा होता."

"बट अवर फ्लॅट इज ओके, राइट?" मुलीने विचारलं. तिच्या आईने तिला आत नेलं. तो रनर आईने कांचीपुरमहून आणलेला होता, हे आम्हाला निघताना तीनदा ऐकवण्यात आलं. त्यानंतर मरीन परेडहून आम्हा दोघींना बोलावणं आलं नाही. बाईंनी मात्र बसमध्ये माझ्या मांडीवर थाप मारून म्हटलं, "पोरीला कळलं बघ."

रविवारच्या फोनचं कोडं सुटलं ते बाईंच्या कानामुळे. ऐकू कमी यायला लागलं तशी त्यांनी स्पीकरवाला फोन आणला आणि तो हॉलमध्ये ठेवावा लागला. पहिल्याच रविवारी सबंध संभाषण माझ्या कानांवर पडलं. तिकडे एक वयस्क बाई होत्या, रूथ नावाच्या. आवाज घोगरा आणि हसरा.

"दार लागतं?" बाईंनी विचारलं.

"छान लागतं," रूथ म्हणाली.

"ऐकव."

पावलं वाजली. मग जड दार लागल्याचा दबका आवाज आला आणि लोखंडी खटका पडला, खट्ट. बाईंनी डोळे मिटले. "पुन्हा," त्या म्हणाल्या. पुन्हा खट्ट. "थँक यू, रूथ." झालं. फोन बंद.

मी न राहवून विचारलं, "बाई, हे काय आहे?"

बाईंनी मला सांगितलं, कदाचित मी तिरका तडा लपवला नव्हता म्हणून. तरुणपणी त्या शिकायला कॅनडात गेल्या आणि पहिल्याच नोकरीत कंपनीने त्यांना पार उत्तरेला, नदीच्या मुखाजवळच्या एका लहानशा गावी पाठवलं. गावाला शाळा बांधायची होती. गावातल्या म्हाताऱ्यांना ती टेकाडावर हवी होती. नदीकाठच्या जमिनीचा त्यांना भरवसा वाटेना. पण टेकाडावर सामान चढवणं अवघड, म्हणून कंपनीला नदीकाठ हवा होता. बाईंनी तिथे खोल भोकं पाडली, मातीचं तापमान मोजलं आणि गावसभेत उभं राहून सांगितलं, की ही जमीन दगडापेक्षा घट्ट आहे, तुमची नातवंडंही इथेच शिकतील. लोकांनी ऐकलं. शाळा नदीकाठी झाली.

"मोजमाप चुकलं होतं?" मी विचारलं.

"मोजमाप बरोबर होतं. थंडी चुकली. पुढचे हिवाळे मागच्यासारखेच असतील असं धरून चालले होते मी." बाई पोह्यांतले दाणे बाजूला काढत बोलत होत्या. "आता तिथले काठ ढासळताहेत. झाडं दारू प्यायल्यासारखी कललीत. जमिनीत खणलेल्या थंड कोठारांत लोक मांस ठेवत, तिथे पाणी येतंय. मी सगळं वाचते. आणि अगं, त्या शाळेत पोरं बसतात, माझ्या शब्दावर बसतात."

जमीन हलली की सगळ्यात आधी दाराला कळतं. चौकट तिरकी होते आणि दार अडकतं. भिंतीला तडा जातो तो नंतर. म्हणून बाईंनी तेव्हा शाळेची देखरेख करणाऱ्या रूथला सांगून ठेवलं होतं, बाकी काही समजलं नाही तरी चालेल, पण मुख्य दार अडकायला लागलं तर तासभरही थांबू नकोस, पोरांना बाहेर काढ. आपल्याकडची रविवार सकाळ म्हणजे त्यांच्याकडची शनिवार संध्याकाळ. शाळा रिकामी असते, रूथ साफसफाईला येते आणि दाराजवळच्या फोनवरून बाईंना दार ऐकवते.

"जाऊन का नाही बघत?"

बाई उठून बशी धुवायला गेल्या. त्यांना भीती वाटत होती. हे मला तेव्हाच कळलं आणि मला त्यांची फार कीव आली, जी मी अर्थातच दाखवली नाही.

माझ्याही रविवारच्या फोनची वेळ ठरलेली असे. बाईंचं आटपलं की मी सोलापूरला लावी. आई म्हणे, "आम्ही मजेत. तू तुझी काळजी घे." बाबा? "देवळात गेलेत." परदेशी राहणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला हे 'मजेत' ठाऊक आहे. ऑपरेशन झालं तरी मजेत, घरात पाणी शिरलं तरी मजेत. लेकरू लांब आहे, त्याच्या जिवाला घोर नको, ही आपल्याकडची माया.

एका रविवारी मी फोन ठेवला तर बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "तुझे बाबा फार देवभोळे आहेत का?"

"नाही. का हो?"

"दर रविवारी बरोबर तुझ्या फोनच्या वेळेला देवळात असतात, म्हणून विचारलं."

मी म्हटलं, पुन्हा लावते, कसे आहेत ते विचारते.

"कसे आहेत विचारू नकोस. त्याचं उत्तर तयार असतं. ज्याचं उत्तर तोंडाने देता येत नाही असं काहीतरी माग. घरात असले की ते काय करतात, जे फोनवर ऐकू येतं?"

"शिट्टी वाजवतात," मी म्हटलं. "दिवसभर. आई वैतागते."

"मग शिट्टी माग."

मी पुन्हा फोन लावला. म्हटलं, "आई, बाबांना बोलाव, नुसती शिट्टी वाजवायला सांग, बोलू नका म्हणावं." पलीकडे तिचा श्वास जोरात ऐकू यायला लागला आणि ती रडू लागली. महिना होऊन गेला होता. बाबांना अर्धांगाचा झटका आलेला, तोंड वाकडं झालेलं, बोलणं समजत नव्हतं, शिट्टी तर दूरच. "तुझी नवी नोकरी," आई म्हणत राहिली, "तू कशाला काळजी करायची." मला तिचा भयंकर राग आला, आणि त्या रागापेक्षा जास्त, ती एकटी एक महिना हे ओढत होती याचं वाईट वाटलं. बाईंनी माझं तिकीट त्याच दुपारी काढून दिलं. एक शब्द समजुतीचा बोलल्या नाहीत, फक्त एअरपोर्टवर म्हणाल्या, "तिकडून मला खरं सांग."

बाबा हळूहळू सुधारले. मी परत आले, आणि येताना एक नवीन खोड घेऊन आले. आता मी बाईंचा रविवारचा फोन वेगळ्याच कानाने ऐकू लागले.

उन्हाळ्यात खट्ट. पावसाळ्यात खट्ट. डिसेंबर आला तरी तोच, तसाच, स्वच्छ खट्ट. मला दिवसेंदिवस ते खटकायला लागलं. आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटचं लाकडी दार पाऊस लागला की फुगतं आणि खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही. सोलापूरचं उन्हाळ्यात कुरकुरतं. मग पृथ्वीच्या टोकावरचं एक जुनं दार, जिथली जमीन वितळतेय म्हणतात, ते बारा महिने एकसारखं कसं लागतं? आणि बाईंना, पायाखालच्या फरशीवरही विश्वास न ठेवणाऱ्या बाईंना, हे कसं खटकत नाही? तेव्हा लक्षात आलं की ह्या बाईने आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे मिटून भरवसा टाकलाय, आणि ती म्हणजे हा आवाज.

सांगू की नको, असं माझं बरेच दिवस चाललं. एकदा वाटे, म्हातारीचं एवढं एक सुख आहे, ते कशाला काढून घ्यायचं? मग आठवे, माझ्या आईनेही हाच विचार केला होता. आणि त्या शाळेत खरोखर पोरं बसत असतील तर? जानेवारीतल्या एका रविवारी, नवाला थोडा वेळ असताना, मी म्हटलं, "बाई, तुमचं दार कधीच कसं हो अडकत नाही?"

बाईंचा कप बशीत टेकला. मला वाटलं, आता मला खोली सोडायला सांगणार. मग त्यांनी नंबर फिरवला.

"रूथ, दार उघड," त्या म्हणाल्या. "पूर्ण उघड. आणि मी सांगेपर्यंत उघडंच ठेव."

दार उघडल्याचा आवाज आला आणि मग आम्ही दोघी ऐकत बसलो. तिकडच्या जानेवारीत बाहेरचं दार उघडं ठेवून कुणी क्षणभरही स्वस्थ उभं राहू शकत नाही. वारा माणसाला आत ढकलतो, कागद उडतात, माणूस ओरडतं. आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कुठेतरी हीटर घरघरत होता. रूथ संथपणे श्वास घेत होती.

"थंडी नाही वाजत तुला?" बाईंनी विचारलं.

रूथ म्हणाली, "हे बाहेरचं दार नाही गं. हे झाडू ठेवायच्या खोलीचं आहे."

मग तिने सगळं सांगितलं. जुनी शाळा केव्हाच खचली होती. एका वसंतात मुख्य दार अडकलं, रूथने खांदा लावून बघितलं, आणि त्याच सकाळी सगळ्या पोरांना कोट चढवून चर्चमध्ये नेऊन बसवलं. लोक हसले तिला. पुढे काही आठवड्यांनी नदीकडची भिंत बसली, तेव्हा आत कुणी नव्हतं. गावाने टेकाडावर नवी शाळा बांधली, फोनचा नंबर तोच राहिला. आणि जुन्या शाळेचं ते दार, चौकट आणि खटक्यासकट, रूथने मागून घेतलं आणि फोनजवळच्या झाडूच्या खोलीला बसवलं.

"का?" बाईंनी विचारलं.

"तू दर शनिवारी ऐकायला मागायचीस," रूथ म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या दाराचा तसा आवाज येत नव्हता."

बाईंनी स्पीकर बंद करून रिसीव्हर कानाला लावला. पुढचं मला ऐकू आलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले. फोन ठेवल्यावर बाई तिथे आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"पोरं आधीच बाहेर काढली होती म्हणते. माझ्यामुळे म्हणते."

"मग चांगलं झालं ना, बाई."

"मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असेल," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं खोटं बोललीच ना? आता हे तरी कशावरून खरं धरू?" मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आणि पुढेही कित्येक दिवस त्यांनी गोटी ठेवली नाही. मी कामावर निघताना "दार लागतंय का?" कुणी विचारत नव्हतं. घर फार मोठं वाटायला लागलं. मला वाटलं, हे मी करायला नको होतं.

पुढचे बरेच रविवार नऊ वाजता बाई फोनपासून लांब बसल्या. मग मार्चमध्ये एक दिवस उठल्या, फोनसमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तूही बस."

"रूथ," त्या म्हणाल्या, "नव्या शाळेचं बाहेरचं दार लागतं का?"

पलीकडे रूथ घुटमळली. ते घुटमळणं मी सोलापूरच्या फोनवर ऐकलेलं होतं. 'मजेत' येणार, मी मनात म्हटलं.

"नाही," रूथ म्हणाली. "गेल्या आठवड्यापासून खालून घासतंय."

बाईंनी डोळे मिटले, आणि मग त्या हसल्या. इतकी वाईट बातमी ऐकून कुणाला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. "कुठल्या कोपऱ्यात?" त्यांनी विचारलं. "बिजागरीच्या बाजूला की खटक्याच्या?" रूथ सांगत गेली, बाई विचारत गेल्या, कार्डातले पैसे संपेपर्यंत दोघी दाराबद्दल बोलत होत्या.

त्या आठवड्यात बाईंच्या पलंगाखालून ट्रंक निघाली. तिच्यात डांबराच्या गोळ्यांत जपलेला जाडजूड कोट होता, सिंगापूरच्या उकाड्यात इतकी वर्षं. त्यांनी तो अंगात घालून बघितला आणि घामाघूम होऊन काढला. तुआसला रजा सांगितली. मी म्हटलं, "ह्या वयात, एकट्या, तिथे जाऊन काय करणार?"

"भोकं पाडणार. तापमान मोजणार. आणि ह्या खेपेला म्हाताऱ्यांना आधी विचारणार." मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हातारी आता मी आणि रूथच उरलोय म्हणा."

"तिथलं वितळणं तुम्ही थांबवणार आहात का?"

"नाही. पण कधी बाहेर पडायचं ते सांगता येतं."

चांगी विमानतळावर त्यांना सोडताना मी वाकून नमस्कार करू लागले तर त्यांनी मला धरलं. "पाया पडू नकोस, फरशी बघ," म्हणाल्या, आणि टाच आपटून आत गेल्या.

पहिल्या रविवारी फोन आला नाही, दुसऱ्या रविवारीही नाही. मला नको नको ते सुचायला लागलं. तिसऱ्या रविवारी सकाळपासून पाऊस लागला होता. नऊ वाजता फोन वाजला. मी धावत जाऊन उचलला. पलीकडे वारा होता, नुसता वारा, फोनमधूनही गार वाटावा असा.

"बाई? कशा आहात?"

"ते सोड," बाई ओरडून म्हणाल्या. "आपलं दार लागतंय का?"

मला सहज म्हणता आलं असतं, लागतंय. साठीतली बाई, जगाच्या टोकाला, बर्फात उभी. तिच्या जिवाला घोर कशाला? मी फोन स्पीकरवर टाकला, बाहेरच्या दाराशी गेले आणि ते ओढलं. पावसाने फुगलं होतं. अर्ध्यात अडकलं. खांदा लावला तेव्हा करकरत, घासत, कसंबसं लागलं.

"घासतंय, बाई," मी म्हटलं. "वरच्या कोपऱ्यात."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग आता सांग, बाबा शिट्टी वाजवतात का?"